हॅमस्ट्रिंग फाटलंय, ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोराचं वय २३, कोल्हापुरात पेठेतल्या फुटबॉल टीमकडून विंगला खेळतो, शाहू स्टेडियमवर फुल स्पीडला पळताना मांडीमागं कट्ट झालं आणि तिथंच बसला. एमआरआयमध्ये ग्रेड टू टिअर आलाय, म्हणजे स्नायू अर्धवट फाटलाय, बायसेप्स फिमोरिस हा मांडीमागचा बाहेरच्या बाजूचा स्नायू. आज दहावा दिवस. एकजण म्हणतोय पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन, मार, त्यात ग्रोथ फॅक्टर असतात, दोन आठवड्यांत मैदानात उतरशील. जिममधला एकजण आयजीएफ (एक ग्रोथ फॅक्टर) आणि बीपीसी (प्रयोगशाळेत बनवलेला पेप्टाइड) यांच्या टोचायच्या बाटल्या आणून देतो म्हणतोय. घरचे म्हणतायत तालमीत ने, तेल लावून दाबून चोळून घे. आणि याला विचारायचंय की हे ग्रोथ फॅक्टर नेमकं करतात तरी काय आणि यातलं काय करू.

भावा, आधी उत्तर देतो, मग सविस्तर सांगतो. बाटल्यांना हात लावू नकोस. पीआरपीनं फार नुकसान नाही, पण दोन आठवड्यांच्या ज्या आशेवर घेणार आहेस ते त्यानं होणार नाही. चोळून तर आत्ता अजिबात घेऊ नकोस. ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढायचे, थांबायचे हुकूम देणारी प्रोटीनं. तुझ्या मांडीत ती कमी पडलीत असं काही झालेलं नाही, ते तिथं भरपूर सुटलेत, पण ते ठरलेल्या क्रमानं येतात आणि जातात, आणि त्या क्रमाला मदत करायची असेल तर ती इंजेक्शनपेक्षा तुझ्या व्यायामातून जास्त होते.

आता आत काय चाललंय ते बघ. स्नायूचा प्रत्येक धागा म्हणजे एक लांबलचक पेशी, तिच्याभोवती एक पातळ आवरण असतं आणि धागा आणि आवरण यांच्या मधल्या फटीत छोट्या छोट्या पेशी झोपून असतात, त्यांना सॅटेलाइट सेल म्हणतात. १९६१ साली अलेक्झांडर माउरो या शास्त्रज्ञानं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या स्नायूत त्या पहिल्यांदा दाखवल्या. स्नायूचा धागा स्वतः विभागून नवीन धागा करू शकत नाही, ते काम या झोपलेल्या पेशींचं. त्यांनी जागं व्हायचं, संख्या वाढवायची, मग वाढणं थांबवून एकमेकींना जोडून नवीन धागा बनवायचा किंवा फाटलेल्या धाग्याला जाऊन चिकटायचं, आणि त्यातल्या काहींनी पुढच्या वेळेसाठी परत झोपायला जायचं. ही चारही कामं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाला हुकूम देणारे फॅक्टर वेगळे आहेत.

उठवायचं काम मुख्यतः एचजीएफ करतो, हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर. नाव लिव्हरचं आहे कारण लिव्हरच्या पेशी वाढवणारा म्हणून तो आधी ओळखला गेला. गंमत अशी की हा स्नायूत आधीपासूनच साठवलेला असतो, धाग्यांभोवतीच्या जाळीत अडकून. जखम झाली, ताण बसला की तो सुटतो आणि सॅटेलाइट सेलवरच्या सी-मेट नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे हुकूम घेणाऱ्या कुलपाला, जाऊन बसतो. १९८० च्या दशकात संशोधकांना दिसलं होतं की चिरडलेल्या स्नायूचा रस घातला की या पेशी जाग्या होतात, पण त्या रसात नेमकं काय आहे ते कळलं नव्हतं, १९९८ मध्ये तो एचजीएफ असल्याचं दाखवलं गेलं. म्हणजे ज्या क्षणी तुझं कट्ट झालं त्या क्षणी हा फॅक्टर सुटलासुद्धा, कुणी सिरिंजमधून आणायची गरजच नव्हती.

मग वाटेल की अजून थोडा घातला तर अजून जोरात काम होईल. उंदरांच्या जखमी स्नायूत असं करून बघितलंय. वरून एचजीएफ टोचला तर वाढणाऱ्या पेशींची संख्या वाढली पण त्या धागे बनवायलाच थांबल्या, दुरुस्ती अडली. नंतर प्रयोगशाळेत हेही दिसलं की एचजीएफचं प्रमाण जास्त झालं की याच पेशी मायोस्टॅटिन बनवायला लागतात, आणि मायोस्टॅटिन हा स्नायूच्या वाढीला ब्रेक लावणारा फॅक्टर, १९९७ मध्ये सापडलेला, ज्याच्या जीनमध्ये बिघाड असल्यामुळं बेल्जियन ब्लू जातीचे बैल तसे अवाढव्य दिसतात. म्हणजे ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर शरीर स्वतःच ब्रेक मारतं. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते आणि बाटली विकणारा ती कधीच सांगत नाही.

उठलेल्या पेशींची संख्या वाढवायला एफजीएफ-२ येतो, तो म्हणतो वाढा वाढा, पण धागा बनवायचा नाही अजून. पीडीजीएफ पण तिथं असतो, प्लेटलेटमधून येतो. मग आयजीएफ-१, ज्याची बाटली तुझा मित्र आणणार आहे. हा सगळ्यात कामाचा, कारण तो वाढवायचंही काम करतो आणि नंतर धागा बनवायचंही करतो, आणि तयार धाग्यात प्रोटीन भरायचंही. पण हा स्नायूत स्वतः तयार होतो, शिवाय तिथं साफसफाईला आलेल्या पेशी पण तो बनवतात. त्याच्याबरोबर व्हीईजीएफ नवीन रक्तवाहिन्या आणतो, कारण रक्त पोचल्याशिवाय नवीन धागा जगत नाही. नसांचं टोक पण परत जोडलं जावं लागतं, नाहीतर धागा तयार होऊनही आकुंचन पावणार नाही.

गुऱ्हाळावर बघितलं असशील, भेंडीचं पाणी कधी घालायचं, मळी कधी काढायची आणि काहील कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो, रस तोच असतो पण एक गोष्ट भलत्या वेळी केली की गूळ बसत नाही. इथला गुळव्या म्हणजे मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात, एकदोन दिवसांत मॅक्रोफेज येतात, सुरुवातीचे मॅक्रोफेज मेलेला माल खाऊन टाकतात आणि सॅटेलाइट सेलना वाढत ठेवतात, नंतर तेच आपला स्वभाव बदलतात आणि दाह कमी करून धागे बनवायच्या कामाला लागतात, आयजीएफ-१ सोडतात. उंदरात हा बदल साधारण दोन ते चार दिवसांत होतो. प्राण्यांमध्ये हे मॅक्रोफेज काढून टाकले तर स्नायू नीट भरून येत नाही, तिथं चरबी आणि चिवट पेशीजाल भरतं. म्हणून सूज म्हणजे शत्रू असं धरून तिला पहिल्या दिवसापासून मारायला जाऊ नये.

आणि आता तो फॅक्टर ज्याची मला तुझ्याबाबतीत खरी काळजी आहे, टीजीएफ-बीटा. हा कोलॅजन घालतो, म्हणजे व्रण. थोडा लागतोच, नाहीतर फाटलेली दोन टोकं धरून कोण ठेवणार. पण जास्त काळ राहिला तर स्नायूच्या जागी दोरीसारखा कडक पट्टा तयार होतो आणि पुढच्या सीझनला त्या पट्ट्याच्या शेजारीच परत फाटतं. परत परत हॅमस्ट्रिंग जाणारी पोरं मी बघतो त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट अशी असते की पहिल्या वेळी दुखायचं थांबलं आणि लगेच खेळले, किंवा उलट महिनाभर पाय हलवलाच नाही. टीजीएफ-बीटा दाबायला ब्लड प्रेशरची लोसार्टन नावाची गोळी उंदरांत वापरून बघितलीय आणि त्यांच्यात व्रण कमी झाला, पण म्हणून तू घरातल्या कुणाची बीपीची गोळी खाऊ नकोस, ते अजून खेळाडूंसाठी उपचार म्हणून कुठंही ठरलेलं नाही.

आता पीआरपी. तुझंच रक्त काढतात, मशीनमध्ये फिरवून प्लेटलेट वेगळ्या करतात आणि जखमेत टोचतात. प्लेटलेटमध्ये पीडीजीएफ, व्हीईजीएफ, आयजीएफ-१ असतो हे खरं, पण त्यात टीजीएफ-बीटा पण भरपूर असतो, म्हणजे धागा बनवणारे आणि व्रण बनवणारे सगळे एकदम एकाच वेळी ओतले जातात, क्रम वगैरे काही नाही. माणसांवर काय दिसलं? नेदरलँड्समध्ये ८० खेळाडूंवर अभ्यास झाला, सगळ्यांचं ताजं हॅमस्ट्रिंग, निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना नुसतं सलाइन टोचलं, कुणाला काय दिलंय ते कुणालाच माहीत नव्हतं. २०१४ मध्ये निकाल छापून आला, दोन्ही गटांत खेळात परतायला मधला आकडा ४२ दिवस. परत दुखापतही दोन्हीकडं जवळपास सारखीच. २०१५ मध्ये कतारमधला ९० खेळाडूंचा अभ्यास आला, त्यातही नुसत्या चांगल्या रिहॅबपेक्षा, म्हणजे बरं करणाऱ्या व्यायामापेक्षा, पीआरपीनं काही वेगळं मिळालं नाही. मलेशियातला एक अभ्यास मात्र पीआरपीच्या बाजूचा आहे, सरासरी २७ दिवस विरुद्ध ४२ दिवस, पण तो २८ जणांचाच होता आणि त्यात दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन नव्हतं, म्हणजे इंजेक्शन घेतलंय म्हणून बरं वाटण्याचा भाग वेगळा काढता येत नाही. गुडघ्याच्या संधिवातासाठी किंवा टेनिस एल्बोसाठी पीआरपीचा विचार वेगळा आहे, तो इथं आणत नाही. फाटलेल्या स्नायूसाठी हजारो रुपये खर्च करून घ्यावी असं मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगणार नाही. तेच पैसे महिनाभराच्या फिजिओला आणि खाण्याला घाल.

बाटल्यांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. आयजीएफ-१ हे खरं औषध आहे, पण ते ज्या लहान मुलांची वाढ आयजीएफच्या कमतरतेमुळं खुंटलीय त्यांच्यासाठी, डॉक्टरच्या नजरेखाली, आणि त्यातही रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. जिममध्ये मिळते ती बाटली कुठं भरली, आत काय आहे, स्टराइल आहे का याचा काहीच पत्ता नसतो, आणि घाणेरडी सुई लागून मांडीत पू झाला तर सीझन सोड, पाय वाचवायची वेळ येते. बीपीसी-१५७ तर माणसात वापरायला मंजूरच नाही. डोपिंगचं ऐक, आयजीएफ-१, एफजीएफ, एचजीएफ, पीडीजीएफ, व्हीईजीएफ हे सगळे वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, यादीत वर्षभर बंदी असलेले आहेत, स्पर्धा चालू असो नसो, आणि बीपीसी-१५७ पण २०२२ पासून त्या यादीत आहे. पहिल्याच वेळी सापडलास तर चार वर्षांपर्यंत बंदी लागू शकते. पीआरपी मात्र चालते, २०१० मध्ये स्नायूत टोचायला बंदी घातली होती ती २०११ मध्ये काढली. उद्या तुझी राज्याच्या कॅम्पला निवड झाली आणि नाडावाले, म्हणजे देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेचे लोक, सॅम्पल घ्यायला आले तर मित्रानं दिलेलं मला माहीत नव्हतं हे तिथं चालत नाही, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची.

चोळण्याबद्दल बोलतो कारण इथं कोल्हापुरात ते फार होतं आणि तालमीतल्या वस्तादांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांच्या हाताला शरीर कळतं. थकलेल्या स्नायूला, अखडलेल्या पाठीला मालीश उत्तम. पण ताज्या फाटलेल्या स्नायूवर जोरात दाबून चोळलं तर नुकतं जुळायला लागलेलं परत सुटतं, आत रक्त साचतं, आणि कधी कधी त्या रक्ताच्या गाठीत चक्क हाड तयार होतं, मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात त्याला. मुका मार लागलेल्या मांडीत हे जास्त बघायला मिळतं. तीनचार आठवड्यांनी मांडीत दगडासारखी गाठ लागते, गुडघा वाकत नाही, एक्सरेत पांढरं दिसतं, आणि मग कित्येक महिने जातात. चांगले वस्ताद स्वतःच सांगतात की ताज्या मारावर हात नको, तू पण ते ऐक. पुढं सहाव्या सातव्या आठवड्यात हलकं मालीश घेतलंस तर माझं काही म्हणणं नाही.

मग करायचं काय? तर ज्यानं खरंच दिवस वाचतात ते हे. डेन्मार्कमध्ये ५० हौशी खेळाडू घेतले, तुझ्यासारखेच, मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू फाटलेले, एका गटाचं रिहॅब दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं आणि दुसऱ्याचं नवव्या दिवसापासून. बाकी व्यायाम तोच. खेळात परतायला पहिल्या गटाला ६२ दिवस आणि दुसऱ्याला ८३ दिवस लागले, म्हणजे फक्त एक आठवडा आधी सुरुवात केल्यानं तीन आठवडे वाचले. कुठल्याही इंजेक्शननं हे करून दाखवलेलं नाही. याचं कारण वर जे सांगितलं त्यातच आहे, स्नायूला बेतानं ताण मिळाला की एचजीएफ सुटतो, आयजीएफ-१ त्या स्नायूतच तयार होतो, रक्तवाहिन्या लवकर शिरतात आणि नवीन धागे ताणाच्या दिशेनं सरळ लागतात, नाहीतर ते आडवेतिडवे वाढतात आणि मधे व्रण भरतो.

तुझा आज दहावा दिवस. साधारण इथपर्यंत फाटलेल्या जागेचा व्रणच सगळ्यात कच्चा दुवा असतो, यानंतर तो शेजारच्या स्नायूइतका तरी टिकायला लागतो, म्हणून आता वेळ घालवू नकोस. उताणा झोपून गुडघे वाकवून टाचा रोवून कंबर उचलायची, ब्रिज म्हणतो आपण त्याला, आधी दोन्ही पायांवर, दुखणं दहापैकी दोनतीनच्या वर जाता कामा नये. रंकाळ्यावर सपाट रस्त्यानं चालायचं, लंगडत नाही, लंगडावं लागलं तर अंतर कमी कर. ते जमलं की एका पायावर ब्रिज, मग स्नायू लांब होत असताना ताण देणारे व्यायाम, एका पायावर उभं राहून पुढं वाकणं, टाच सरकवत पाय लांब करणं. स्वीडनमधल्या फुटबॉलपटूंवर असे लांबवत ताण देणारे व्यायाम आणि नेहमीचे व्यायाम यांची तुलना झाली, लांबवणाऱ्यांना परतायला सरासरी २८ दिवस लागले आणि नेहमीच्या व्यायामवाल्यांना ५१. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, म्हणजे गुडघ्यांवर बसून घोटे कुणाकडून धरून हळूहळू पुढं झुकणं, हा शेवटी शेवटी, आणि तो पुढं कायम ठेवायचा, बरं झाल्यावर पण. हे सगळं चांगल्या फिजिओच्या नजरेखाली कर, नुसतं मोबाईलवर बघून नको, कारण रोज किती पुढं जायचं हे हात लावून आणि पळताना बघूनच ठरतं.

पेनकिलरचं म्हणशील तर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आठवडेच्या आठवडे खाऊ नकोस, प्राण्यांमध्ये त्यानं सॅटेलाइट सेलचं काम मंदावलेलं दिसलंय. दुखणं फारच असेल तर पॅरासिटामॉल. आणि स्नायूत स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर तिथनं उठून ये, दुखणं जाईल पण नवीन धागे बनायचं काम अडेल. बर्फ पहिल्या दोनतीन दिवसांत दुखणं कमी करायला ठीक, आता दहाव्या दिवशी त्याचं काही काम नाही. बर्फ, विश्रांती, दाब, पाय उंच हा फॉर्म्युला १९७८ मध्ये ज्या डॉक्टर गेब मिर्किननी लोकप्रिय केला त्यांनीच पुढं लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीनं भरून यायला उशीर होऊ शकतो.

खाण्याचं सोपं आहे आणि आपल्याकडं तर त्याची कमतरता नाही. वजनाच्या दर किलोला साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन, तू ७० किलोचा असशील तर दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास. म्हशीच्या एक लिटर दुधात ३५ ते ४० ग्रॅम येतं, एका अंड्यात सहा, शिजलेल्या शंभर ग्रॅम मटणात पंचवीसच्या आसपास, वर डाळ, उसळ, शेंगदाणे. रस्सा कितीही प्यालास तरी त्यात प्रोटीन नगण्य, वाटीतले पीस मोज. हे चार वेळा विभागून खा. झोप आठ तास, गाढ झोपेतच ग्रोथ हार्मोन जास्त सुटतो आणि त्याच्यावरच लिव्हर आयजीएफ-१ बनवतं, म्हणजे मित्राच्या बाटलीतलं जे आहे ते तुझं शरीर रात्री फुकट बनवतंय, दोन वाजेपर्यंत मोबाईल बघत बसून ते घालवू नकोस. बरं होईपर्यंत दारू, तंबाखू, मावा बंद.

परत कधी खेळायचं ते कॅलेंडरवर ठरवू नकोस आणि टीमच्या मॅनेजरला तारीख देऊ नकोस. मांडी दाबून दुखत नाही, उताणं झोपून पाय सरळ वर उचलला तर दोन्हीकडं सारखा जातो, ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या वर आहे, आणि पूर्ण स्पीडची स्प्रिंट, अचानक थांबणं, वळणं, लांब किक हे प्रॅक्टिसमध्ये अनेकदा करून दुसऱ्या दिवशी काहीही जाणवत नाही, तेव्हा मॅच. ग्रेड टूला बहुतेकांना सहा ते आठ आठवडे जातात, आणि एमआरआयमध्ये स्नायूच्या आतला टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी चिवट दोरी, पण गेलाय असं लिहिलं असेल तर आणखी. तो रिपोर्ट परत नीट वाचून बघ, टेंडनचा उल्लेख असेल तर ऑर्थो डॉक्टरांना आधी दाखव आणि मगच वरचे व्यायाम सुरू कर. बसायच्या हाडाजवळ खड्डा लागतोय, मांडी पूर्ण काळीनिळी झालीय, किंवा पायाला मुंग्या येतायत असं असेल तर उद्याची वाट बघू नकोस, आजच जाऊन दाखव, कारण हाडावरनं उपटलेलं टेंडन असेल तर त्याचं ऑपरेशन पहिल्या काही आठवड्यांत केलेलं सोपं जातं.